केळीचे घड वाहताना काळजाखाली दुखतं, थांबलं की राहतं. काय तपासावं?

रावेरकडे कापणी चालू आहे. वडील ५४ वर्षांचे, शुगर १० वर्षांपासून. घड डोक्यावर घेऊन चढावर चालले की बरगड्या जिथे मिळतात तिथे आवळल्यासारखं होतं. ४-५ मिनिटं बसले की थांबतं. जेवून लगेच कामाला लागले की लवकर सुरू होतं. ३ आठवडे पँटोप्रॅझोल (ॲसिडिटीची गोळी) घेऊनही फरक नाही. ईसीजी नॉर्मल आला. आता पुढे काय?

उत्तर १
दादा, हे आधी हृदयाचं समजा. श्रमाने येणं, विश्रांतीने जाणं, जेवणानंतर वाढणं, ही सगळी अंजायनाची (हृदयाला रक्त कमी पडून होणाऱ्या दुखण्याची) चाल आहे. शुगरवाल्यांना छातीत न दुखता फक्त पोटाच्या वर दुखू शकतं. आरामात काढलेला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, कारण रक्त कमी पडतं ते श्रमाच्या वेळी. त्या ईसीजीवर विसंबू नका. या आठवड्यातच हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि ट्रेडमिल टेस्ट (चालत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी), की थेट अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी), ते तेच ठरवतील. हिमोग्लोबिनही बघून घ्या. रक्त कमी असलं तरी हाच त्रास वाढतो. तोवर घड उचलणं बंद.

उत्तर २
हृदय तपासून झालं की पोटाची भिंत बघा. उताणं झोपवून दुखऱ्या जागी बोट दाबून ठेवा आणि त्यांना डोकं व खांदे उचलायला सांगा. दुखणं वाढलं तर स्नायूचा किंवा हर्नियाचा (पोटाच्या भिंतीतल्या फटीतून आतला भाग बाहेर येण्याचा) संशय. बेंबी ते छातीच्या हाडाच्या मधल्या रेषेत खोकल्यावर गाठ फुगते का, तेही बघा. गाठ कडक होऊन आत जात नसेल, उलट्या होत असतील तर लगेच सर्जन गाठा. खरा हर्निया गोळ्यांनी बरा होत नाही, ऑपरेशनच लागतं.

उत्तर ३
शेवभाजीसारखं तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली तास-दोन तास दुखत असेल तर पित्ताशयातल्या खड्यांचा संशय. सोनोग्राफीला ६-८ तास उपाशीपोटी न्या. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक रोज चालू आहे का? त्याने जठरात व्रण होऊ शकतो. शौच डांबरासारखं काळं झालं तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

प्रश्नकर्ता: शेतातच दुखलं तर?

उत्तर १
बसवा, काम थांबवा. नेहमीसारखं ४-५ मिनिटांत गेलं नाही, घाम, धाप, उलटी आली, किंवा बसल्या जागी दुखलं, तर १०८ लावा. मोटरसायकलवर नेऊ नका. सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या रुंद करणारी गोळी) डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच, बसवून, जिभेखाली ठेवा. तिने बीपी एकदम उतरून चक्कर येऊ शकते.