मासे सोडायचे, मग ताक का नाही?

सोलकढी :
आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सहाला योगवर्ग असतो. वर्षभर जातेय. कंबर मोकळी झाली, झोप लागायला लागली, तक्रार काहीच नाही. मागच्या महिन्यात सरांनी सगळ्यांना एक कागद वाटला आणि हॉलच्या भिंतीवरही चिकटवला : मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण बंद. 'हठयोग करायचा तर शाकाहार हवाच, ग्रंथात लिहिलंय.'

मी मालवणची. म्हटलं, बघू तरी काय लिहिलंय. स्वात्मारामाची हठप्रदीपिका (साधारण पंधरावं शतक) मराठी अर्थासकट आणली. पहिल्याच उपदेशात अपथ्याची यादी आहे. मद्य, मासे, बकऱ्याबिकऱ्याचं मांस, लसूण, सगळं आहे त्यात, खोटं कशाला बोलू. पण त्याच श्लोकात दही, ताक, कुळीथ, तीळ, तेल, मोहरी आणि हिंगही आहे. आंबट, खारट, तिखट वर्ज्य. पुढे म्हटलंय, निवलेलं अन्न पुन्हा गरम करून खाऊ नये. म्हणजे कुळथाची पिठी गेली, तिळगूळ गेला, फोडणीचा भात गेला आणि फ्रीज विकायला काढायचा. नव्या साधकाला सकाळची आंघोळ आणि उपासही नको म्हटलंय. आमच्या वर्गातल्या निम्म्या बायका एकादशी धरून, न्हाऊनच येतात!

यादीतली चार नावं उचलायची, बाकीची गाळायची, हे कुणाच्या स्वयंपाकघराच्या सोयीने? तब्येतीसाठी योग करणाऱ्याला बांगडा सोडायला सांगायचं तर खुशाल सांगा, ग्रंथाचं नाव पुढे करू नका.

वज्रासन :
ताई, मूळ वाचलंत हे उत्तम केलंत. शिकवणारे बरेचजण तेवढंही करत नाहीत. पण ताक पिणारा चुकला म्हणून मासे खाणारा बरोबर ठरत नाही. मी वीस वर्षं शिकवतोय, हा युक्तिवाद दर बॅचला कुणीतरी करतंच.

त्याच ग्रंथात सिद्धासनाची थोरवी सांगताना म्हटलंय, यमांत (स्वतःला घालायच्या बंधनांत) जसा मिताहार म्हणजे बेताचं खाणं, नियमांत (पाळायच्या आचारांत) जशी अहिंसा, तसं आसनांत सिद्धासन. म्हणजे अहिंसा हा नियमांतला मुख्य नियम. आंबट-खारटाची बंधनं प्राणायाम वाढवणाऱ्या साधकाची आहेत, आपण अर्धा तास आसनं करणारे, तिथे थोडं इकडेतिकडे चालतं. मांसावर मात्र दोन कलमं लागतात, पथ्याचं आणि अहिंसेचं. ताकाच्या वाटीसाठी कुणाचा गळा कापत नाहीत.

सोलकढी :
मग 'जीव मारू नका' असं सरळ म्हणा ना. त्यावर मी ऐकून घेईन, रात्रभर विचारही करीन. (डेअरीच्या तुपामागे वासराचं काय होतं, तेही मग बोलावं लागेल.) पण आमच्या कागदावर 'आरोग्यासाठी' आणि 'शास्त्रीय' असं छापलंय. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि नौली-उड्डियान या पोट आत ओढायच्या क्रियांच्या वेळी पोटातला दाब किती उतरतो ते यंत्र लावून मोजलं. ते शास्त्र. त्यावरून कोलंबीचा निकाल कसा लावणार?

जुना_खोंड :
दोघंही मुख्य शब्दावरून घसरलात. मिताहार! पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवा, ही त्या ग्रंथातली व्याख्या. घेरंडसंहिता या हठयोगाच्याच दुसऱ्या ग्रंथात तर हिशोबच दिलाय : अर्धं पोट अन्न, पाव पाणी, पाव वाऱ्याला मोकळं. आमच्याकडे २१ जूनला योगदिन झाला आणि लगेच टेबलावर वडापाव आणि जिलेबी. शंभर टक्के शाकाहारी! एका गृहस्थांनी चार वडे हाणले आणि मग मला मटणाचे तोटे सांगितले.

मी रविवारचं मटण सोडलं नाही. तिसरी भाकरी सोडली. पश्चिमोत्तानासनात पुढे वाकताना आधी पोट आडवं यायचं, आता बोटं अंगठ्याला टेकतात. वय ६४.

वज्रासन :
खोंडसाहेब, भाकरीचं सोळा आणे मान्य. मटणाचं श्रेय मात्र त्यात घुसडू नका, ते सोडलं असतंत तर काय झालं असतं हे तुम्हालाही माहीत नाही.

मेथीदाणा :
मी सहा दिवस हठप्रदीपिकेतली यादी तंतोतंत पाळून बघितली, म्हणून लिहितेय. गहू, तांदूळ, जव, साठ दिवसांत पिकणारा साठीचा भात, मूग, दूध, तूप, लोणी, साखर, मध, सुंठ हे पथ्य. ज्वारी-बाजरी-नाचणीचं नावच नाही, आमचं अर्धं घर तिथेच उपाशी. यादीत पटोलही आहे, ते म्हणजे परवर की पडवळ यावर लोक भांडतात, मला मंडईत पडवळ मिळालं.

मूगडाळ तासभर भिजवली, पडवळाच्या पातळ चकत्या, तुपात जिरं, चिमूटभर सुंठ, मीठ बेताचं, वरून ओला नारळ. मोहरी नाही, हिंग नाही. मोहरी तडतडल्याचा आवाज आला नाही म्हणून सासूबाई ओट्यापाशी बघायला आल्या, गॅस पेटवलाय की नाही ते! भाजी छान झाली, पोट दिवसभर हलकं. पाचव्या दिवशी मात्र मी दुपारी एकटी उभ्या उभ्या लिंबाचं लोणचं चाटत होते.

आणि खरी गंमत पुढेच. पालेभाज्या वर्ज्य, फक्त पाच चालतात, आणि त्यात चाकवत धरतात. आता चाकवताची ताकातली भाजी सोडून दुसरी काय करतात ते वज्रासनसरांनी सांगावं.

नाचणी :
वाद चालू द्या, मला एक वेगळं सांगायचंय. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. योग रोजचा. वज्रासनातून उठलं की तळपायाला मुंग्या यायच्या, वाटायचं बसल्यामुळे येतात. मग चालतानाही यायला लागल्या. एकदा जिन्यात चप्पल पायातून निसटली आणि चार पायऱ्या उतरेपर्यंत मला कळलंच नाही. रक्त तपासलं तर बी-१२ जीवनसत्त्व तळाला. वनस्पतींत ते मुळात मिळत नाही. दूध-दह्यात असतं, पण माझं दूध चहापुरतं. इंजेक्शनं घेतली, मुंग्या हळूहळू गेल्या.

मासे खा म्हणत नाही, मी आजही खात नाही. पण 'बंद'ची यादी वाटणाऱ्याने खाली 'बी-१२ तपासून घ्या' एवढं लिहावं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी तर नक्कीच, त्या गोळीनेही ते उतरू शकतं.

वज्रासन :
हे मात्र कागदावर यायला हवं. माझ्या बॅचला उद्याच सांगतो. (चाकवत तुपावर नुसता परततात, मेथीदाणाताई. बेचव लागतो, कबूल.)

सोलकढी :
आज वर्ग सुटल्यावर सरांना श्लोक दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणाले, 'माझं जेवण ताकाशिवाय होत नाही हो.' मग पेन काढून भिंतीवरच्या कागदावर 'कांदा' खोडला, कारण तो श्लोकात नावाने नाही. माशांवर रेघ नाही मारली. मीही आग्रह धरला नाही. खाली नाचणीताईंची ओळ लिहायला लावली.

मेथीदाणा, पडवळाच्या बिया काढता की कोवळ्या असल्या तर राहू देता?