सगळे रिपोर्ट नॉर्मल, पाय मात्र दुखतोच

बी-३०४ काकू: ह्यांचा नर्व्हचा रिपोर्टही नॉर्मल आला. सात महिने झाले. डॉक्टर म्हणतात वय झालं, सवय करा. रिपोर्टची आख्खी पिशवी भरली! आता कोणाला दाखवायचं?

ए-१०२ काका: एमआरआय. मी तेव्हाच म्हटलं होतं.

सी-२०१ फिजिओ ताई: काका, घाई नको. अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही कमरेच्या मणक्यांमधली फुगलेली चकती दिसते. मग सगळं तिच्यावर ढकललं जातं. काकू, दुखतं म्हणजे नेमकं काय? आग, मुंग्या, की गोळा आल्यासारखं?

बी-३०४ काकू: रात्री दोन्ही तळपायांची आग. चादर लागली तरी सहन होत नाही.

सी-२०१ फिजिओ ताई: मग ती नर्व्हची टेस्ट नॉर्मल येऊ शकते. त्यात जाड नसा कळतात, आग होते ती बारीक नसांमुळे. त्यासाठी घोट्याच्या १० सेंमी वरून ३ मिमी त्वचा काढून नसांची टोकं मोजतात. न्यूरॉलॉजिस्टना विचारा, ‘स्किन बायोप्सी करायची का?’

बी-१०१: तोवर बी-१२ ची इंजेक्शनं सुरू करा की. नुकसान तर काही नाही.

सी-२०१ फिजिओ ताई: नाही! रक्त आधी, सुई नंतर. सुई घेतली की पातळी चढते, आणि मुळात कमी होतं का ते कळायचा मार्ग बंद.

डी-४०३ लॅबवाले दादा: बरोबर. बी-१२ २०० ते ३०० पिकोग्रॅम/मिली च्या मध्ये आलं तर मिथाइलमॅलोनिक ॲसिडही करावं लागतं, बी-१२ खरंच कमी आहे का ते त्यातून पक्कं होतं. पित्ताची गोळी रोज चालू आहे का? वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ उतरू शकतं. आणि साखर?

बी-३०४ काकू: गोळी आहे, चार वर्षं. साखर उपाशीपोटी ९८.

डी-४०३ लॅबवाले दादा: तेवढ्यावर थांबू नका. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) करा आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन २ तासांनीची साखर बघा. १४० ते १९९ आली तरी ती मधुमेहाच्या उंबरठ्यावरची, आणि बारीक नसांना तेवढीही बाधू शकते. सोबत टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तात वेगळी प्रथिनं आहेत का ते बघायला).

ए-१०२ काका: एवढ्या सुया टोचण्यापेक्षा एक एमआरआय.

सेक्रेटरी: सर्वांना नम्र विनंती, हा ग्रुप मेंटेनन्ससाठी आहे. 🙏

बी-३०४ काकू: मेंटेनन्सचंच बोलू मग. लिफ्ट तीन आठवडे बंद आहे. जिना चढताना ह्यांची उजवी पोटरी आवळते, दोनदा थांबावं लागतं.

सेक्रेटरी: पार्ट यायचाय. मीटिंगला कोण येतं ते सगळ्यांना माहीत आहे.

बी-१०१: पार्ट चालत येतोय का? 😄

सी-२०१ फिजिओ ताई: एक मिनिट. काकू, हे दुखणं वेगळं आहे. चढताना जास्त की उतरताना? आणि नुसतं उभं राहून थांबतं, की बसावंच लागतं?

बी-३०४ काकू: चढताना. कठड्याला धरून दोन मिनिटं उभे राहिले की जातं.

सी-२०१ फिजिओ ताई: मणक्याचं असतं तर बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर आराम पडला असता, आणि उतरताना जास्त त्रास. नुसतं उभं राहून थांबतं म्हणजे रक्तवाहिनी तपासायलाच हवी. घोट्याच्या बीपीला दंडाच्या बीपीने भागतात, ०.९० किंवा कमी आला तर धमनी अरुंद. एकाच पायात दोन आजार असू शकतात, म्हणून डॉक्टरांना दोन्ही दुखणी वेगवेगळी सांगा.

ए-१०२ काका: हे आधी कुणी बोललंच नाही. धमनीचं असेल तर एमआरआय राहू दे.

डी-४०३ लॅबवाले दादा: पाय अचानक गार, पांढरा पडला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, तडक इमर्जन्सी.

बी-३०४ काकू: सिगारेट सुटलेली नाही अजून. तेही सांगायचं ना?

सी-२०१ फिजिओ ताई: सगळ्यात आधी तेच. आणि बी-१२ ची सुई अजून दिली नाहीत ना?

बी-३०४ काकू: उद्या सकाळी नर्स येणार होती. आत्ताच फोन करून नको सांगते.