नव्या फ्लाय लाइन फेकायला झकास, पण अवघड ट्राउट नदीवर?

काठपहारा

ट्राउट मासा पकडायला पिसांचा हलका नकली किडा, म्हणजे फ्लाय, ज्या वजनदार दोरीने फेकतात ती फ्लाय लाइन. तिच्या डब्यावरच्या ५ नंबरचा अर्थ एके काळी सरळ होता: पुढच्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन (ग्रेन हे वजनाचं बारीक माप), फार तर सहा ग्रेन इकडेतिकडे. ६ नंबर म्हणजे १६०. हे मानक आजही आहे, फक्त पाळायचं कोणी मनावर घेत नाही. ५ चा शिक्का मारलेल्या कितीतरी लाइन अर्धा नंबर, काही तर अख्खा नंबर जड असतात. कारण काय, तर रॉड, म्हणजे गळाच्या काठ्या, इतके ताठ झालेत की जवळच्या कास्टला (फेकीला) ते वाकतच नाहीत. आजार रेड्याला, औषध पखालीला!

मैदानात अशी लाइन सुंदर सुटते. नदीवर बघा. नितळ संथ पाणी, मध्ये वेगवेगळ्या वेगाच्या तीन-चार धारा, आणि पलीकडच्या धारेत निवांत वर येऊन टिपणारा ट्राउट. फ्लाय बरोबर जागी पडते, दोन क्षण छान वाहते. तेवढ्यात मधली वेगवान धार लाइनचं पोट खाली ओढते आणि फ्लायमागे बारीकशी रेघ उमटते. संपलं. मासा जागचा हलतही नाही, नुसतं खाणं थांबवतो.

इथे लाइन उचलून वरच्या बाजूला टाकता आली पाहिजे, म्हणजेच मेंड करता आली पाहिजे. वेट फॉरवर्ड, म्हणजे सगळं वजन पुढे असलेल्या लाइनचं आखूड हेड (पुढचा जाड भाग) रॉडच्या टोकाबाहेर गेलं की हातात उरते बारीक रनिंग लाइन, आणि तिने पुढचं हेड हलवणं म्हणजे सुतळीने दोरखंड उचलणं. डबल टेपर, म्हणजे मध्ये सारखी जाड आणि दोन्ही टोकांना निमुळती लाइन, कितीही बाहेर असली तरी ऐकते. माझं म्हणणं एवढंच की आजच्या लाइन सुटण्यासाठी घडवल्यात, पाण्यावर पडल्यानंतरचा विचार त्यात फारसा नाही.

ओलाबूट

साफ असहमत. अवघड नदीवरचे बहुतेक मासे ३०-३५ फुटांच्या आत लागतात. त्या अंतरात हेड टोकाबाहेर जाणारच नाही, मग डबल टेपर आणि वेट फॉरवर्डमध्ये फरक उरतो कुठे? त्याहून लांब मेंड करायची असेल तर ४५ फुटांपेक्षा लांब हेडच्या लाइनही मिळतात. आखूड, जड हेड घ्यायचं आणि मग अख्ख्या पिढीला नावं ठेवायची, हे काही खरं नाही.

जड लाइनचंही तेच. वीस फुटांवर कास्ट करताना बाहेर लाइन असते ती किती? तेवढ्यात रॉड वाकायला ते जास्तीचे दहा ग्रेन उपयोगीच पडतात. आणि वारा विसरलात. समोरून वारा असेल तर हलकी लाइन लीडर (लाइन आणि फ्लायमधला बारीक धागा) उलगडूच देत नाही, सगळा गुंता माशाच्या डोक्यावर.

रेशीमगाठ

वाऱ्याचा विषय काढलात ते बरं केलंत, कारण तो तुमच्याच अंगावर येतो. आजची पीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकच्या लेपाची लाइन तरंगते कशी? लेपात काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे मिसळून ती पाण्यापेक्षा हलकी केलेली असते. हलकी करायची तर तेवढ्याच वजनाला जाडी वाढणार. जुन्या पद्धतीच्या लाइनचं रेशीम मुळात पाण्यापेक्षा जड, ते तरंगतं ग्रीसच्या जोरावर. म्हणून त्याच नंबरची रेशमी लाइन बारीक असते, वारा कापते आणि पाण्यावर हलकी उतरते.

ओलाबूट

आणि दुपारी ग्रीस संपलं की बुडते, ते कोण सांगणार? संध्याकाळी ऐन मासे वर यायच्या वेळेला तुम्ही लाइन पुसत, सुकवत बसणार. शिवाय रात्री रीलवरून उतरवून ठेवा, नाहीतर कुजते. हौस म्हणून ठीक आहे हो.

खोलपाणी

तुम्ही सगळे लाइन पाण्यावर कशी पडते यावर भांडताय. पाण्यावर पाडायचीच कशाला? लांब रॉड, लांब लीडर, खाली वजनदार निम्फ (पाण्याखाली बुडणारी फ्लाय), आणि लाइन हवेतच. स्पर्धांच्या नियमात लीडर रॉडच्या दुपटीपेक्षा लांब चालत नाही, म्हणून ०.५५ मिमी जाडीच्या लाइन निघाल्या. नव्या लाइनमधली खरी प्रगती ही. तीन धारा असोत की पाच, ओढायला पाण्यात काही नसतंच.

काठपहारा

खळाळत्या पाण्यात शंभर टक्के मान्य. पण फूटभर खोल, संथ पाण्यात रॉडच्या टोकाखाली मासा येईपर्यंत जवळ जाणार कसे? तो केव्हाच पसार झालेला असेल.

रेशीमगाठ

आणि त्यात त्या भडक पोपटी लाइन!

ओलाबूट

रंगाचा बागुलबुवा नको. माशाला बाहेरचं जग दिसतं ते डोक्यावरच्या गोल खिडकीतून आणि तिचा व्यास असतो खोलीच्या सव्वादोन पट. मासा दोन फूट खोल असेल तर साडेचार फुटांचं वर्तुळ. लीडर बारा-पंधरा फुटांचा ठेवा, लाइन त्या वर्तुळात येतच नाही.

काठपहारा

खिडकीबाहेर आरसा असतो, ते सोडलंत. तिथे पाण्याच्या पृष्ठभागाखालून तळाचं प्रतिबिंब दिसतं आणि त्यावर जाड लाइन टेकली की चकाकती रेघ उमटते. म्हणजे मुद्दा रंगापेक्षा जाडीचा. शिवाय फॉल्स कास्टमध्ये, म्हणजे लाइन पाण्यावर न टाकता हवेतच पुढेमागे फेकताना, माशाच्या वरून चारदा लाइन फिरवलीत, तर पंधरा फुटी लीडर काय करणार? मळकट रंगाची लाइन घ्यावी, कास्ट माशाच्या बाजूला करावेत, आणि टोकाचा तो लीडर अडकवायचा कारखान्यातला वेल्डेड लूप (चिकटवलेला फासा) कापून टाकावा. ताठ असतो, तिथेच लाइन बिजागरीसारखी मोडते. लीडर सरळ नेल नॉटच्या गाठीने बांधा.

खोलपाणी

लूप कापल्यावर आतला विणलेला गाभा उघडा पडतो, पाणी शोषतो आणि दोन तासांत टोक बुडायला लागतं. मग म्हणाल, नव्या लाइन तरंगत नाहीत.

काठपहारा

कापलेल्या टोकाला सुपरग्लूचा एक थेंब, वाळू द्यायचा, मग गाठ. माझं टोक तरंगतंय. तुमच्या लूपच्या मुळाशी भेग पडलीय का, ते एकदा नखाने वाकवून बघा.