मदत हवी आहे: 'केला असतो' चूक का?

तापीकाठ: पोराचा उद्या पेपर आहे. 'मी अभ्यास केला असतो तर पास झालो असतो' हे चूक म्हणे. दुसरा 'असतो' चालतो, मग पहिला का नाही? लवकर सांगा.

भुसावळ_जंक्शन: वाक्य शुद्ध करायचंय की क्रियापदाचा अर्थ ओळखायचाय? इयत्ता कोणती?

तापीकाठ: शुद्ध करायचंय. नववी.

वरणबट्टी: 'करणे' सकर्मक, म्हणजे त्याला कर्म लागतं. 'मी अभ्यास केला' म्हणतो, 'केलो' नाही. कर्मणी प्रयोग, म्हणून 'असता' कर्माप्रमाणे बदलतो: अभ्यास केला असता, तयारी केली असती, पाठांतर केलं असतं, धडे वाचले असते. 'होणे' अकर्मक, तिथे कर्ता धरायचा: मी झालो असतो, मुलगी बोलत असेल तर झाले असते.

भुसावळ_जंक्शन: मुख्य गोष्ट राहिली, हा संकेतार्थ, म्हणजे अट सांगणारं क्रियापद. 'पाऊस आला तर' म्हणजे अजून येऊ शकतो. 'आला असेल तर' म्हणजे येऊन गेलाही असेल, माहीत नाही. 'आला असता तर' म्हणजे आलाच नाही. तेव्हा 'असता' दिसला की भूतकाळ.

वरणबट्टी: भूतकाळ कसा? 'उद्या सुट्टी असती तर जळगावला गेलो असतो.' यात उद्याच आहे. 'असता' काळ सांगत नाही, गोष्ट खरी नाही एवढंच सांगतो.

भुसावळ_जंक्शन: शाळेच्या पेपरात भूतकाळाचीच उदाहरणं येतात हो.

वरणबट्टी: म्हणून चुकीचा नियम शिकवायचा?

यावलकर: इंग्रजीतही हेच. 'इफ आय वर यू' लिहा, औपचारिक लेखनात 'वॉज' नको.

तापीकाठ: इंग्रजी कोणी विचारलंय?

केळीबाग: पाऊस निघालाच आहे तर सांगतो, केळीला उन्हाळ्यातला गरम वारा जास्त मारतो. बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवत दाट लावा. आधीच लावलं असतं तर पानं फाटली नसती, असं मे महिन्यात म्हणण्यात अर्थ नाही.

कळण्याची_भाकर: वरणबट्टी, तुमचा नियमही अर्धाच. शिकणे, पिणे, विसरणे, बोलणे यांना कर्म असूनही क्रियापद कर्त्यामागेच जातं: मी धडा शिकलो, मी चहा प्यायलो. म्हणून 'मी धडा शिकलो असतो' हेच बरोबर. आधी 'असता' काढून साधा भूतकाळ म्हणून बघा. 'केला' आलं तर 'असता', 'शिकलो' आलं तर 'असतो'.

तापीकाठ: मग 'मी वही विसरलो नसतो तर' बरोबर?

कळण्याची_भाकर: बरोबर. पण 'वही आणली नसती', तिथे 'आणलो' होत नाही.