महामार्गावरील पूल दोन-तीन दिवसांत बदलणे आपल्याकडे शक्य आहे का?

दांडियाबाजारकर यांचा प्रश्न:

मी नोकरीनिमित्त रोज वडोदऱ्याहून पोरकडे जातो. महामार्ग सहापदरी आहे, पण जांबुव्याच्या पुलापाशी तो अरुंद होतो आणि पावसाळ्यात तेथे खड्डे पडले की दहा मिनिटांच्या अंतराला तास-दीड तास लागतो. बॉस्टनजवळ मेडफर्ड येथे २०११ च्या उन्हाळ्यात आय-९३ महामार्गावरील १४ पूल केवळ १० शनिवार-रविवारांत बदलले, असे वाचनात आले. आपल्याकडे मात्र पुलाचे काम निघाले की शेजारचा कच्चा वळणरस्ता दोन-तीन पावसाळे सहज पाहतो. हा फरक यंत्रांचा, पैशाचा की इच्छेचा? जाणकारांनी कृपया लिहावे.

निवृत्त अभियंता, रावपुरा:

मेडफर्डला शुक्रवार रात्र ते सोमवार पहाट अशा ५५ तासांत पूल फक्त बसवला गेला. बांधून तो आधीच झाला होता. पोलादी तुळया आणि त्यांवरील स्लॅब यांचे तुकडे कारखान्यात तयार होते. शुक्रवारी रात्री वाहतूक दुभाजक ओलांडून समोरच्या बाजूवर वळवायची, जुना स्लॅब तोडायचा, नवे तुकडे क्रेनने ठेवायचे, मधल्या फटींत लवकर घट्ट होणारे काँक्रीट भरायचे आणि सोमवारी पहाटे रस्ता खुला करायचा, असा तो क्रम होता. बातमीत सहसा न येणारी गोष्ट अशी, की तेथे खांब आणि पाया जुनेच ठेवले होते. बीजिंगच्या सानयुआन पुलाचा वरचा भाग २०१५ मध्ये ४३ तासांत बदलला, त्यामागेही हीच पूर्वतयारी होती.

आपल्याकडे हे कौशल्य नाही असे म्हणता येणार नाही. रुळांशेजारी काँक्रीटची पेटी ओतून ती जॅकच्या साह्याने भरावाखाली ढकलायची आणि वरून गाड्या मंद गतीने चालू ठेवायच्या, हे काम रेल्वे कित्येक वर्षे करीत आली आहे. मेगाब्लॉक म्हणजे तरी काय, आधी सगळी जुळवाजुळव करून मागितलेले मोजके तासच.

महीकाठ:

काकांचे म्हणणे मान्य आहे, परंतु प्रश्नातील उदाहरण येथे नेमके लागू पडत नाही. जांबुवा, बामणगाम आणि पोर या ठिकाणी अडचण पुलांच्या अरुंदपणाची आहे. तेथे शेजारी नवा पूल उभारून नंतर वाहतूक वळवता येते, म्हणजे रस्ता बंद करण्याची वेळ फक्त दोन्ही टोके जोडताना येईल. शिवाय दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा वडोदरा-भरूच टप्पा २०२४ पासून खुला आहे, तेव्हा त्या एक-दोन रात्रींपुरती अवजड वाहने तिकडे पाठवता येतील.

याउलट मही नदीवरील गंभीरा पुलाचे पाहा. १९८५ साली खुला झालेल्या त्या पुलाचा एक गाळा (दोन खांबांमधला भाग) ९ जुलै २०२५ रोजी नदीत कोसळला आणि किमान २० जणांचे प्राण गेले. अशा लांब पुलाच्या जागी पूर्ण नवा पूल हवा असेल, तर नदीपात्रातील पाया काही कारखान्यातून आणून ठेवता येत नाही. त्याला कोरडे महिनेच लागतात. तेथे जोर द्यायचा तो नियमित तपासणीवर आणि वेळीच अवजड वाहतूक बंद करण्यावर.

मालवाहतूकदार:

इच्छेचा प्रश्न शेवटी कंत्राटात उतरावा लागतो. १९९४ च्या भूकंपात लॉस एंजेलिसचा सांता मोनिका महामार्ग मोडला, तेव्हा १४० दिवसांची मुदत आणि लवकर संपवल्यास प्रत्येक दिवसामागे २ लाख डॉलर बक्षीस, उशीर झाल्यास जवळजवळ तितकाच दंड, अशी अट होती. काम ६६ दिवसांत झाले! आपल्याकडे मुदतवाढीचा अर्ज हाच कामाचा भाग मानला जातो, आणि अडकलेल्या ट्रकचे डिझेल कोणाच्याच हिशेबात येत नाही.

दांडियाबाजारकर:

सर्वांचे आभार. मग जांबुव्याबाबतच्या निवेदनात नुसते ‘काम लवकर करा’ असे न लिहिता, चालू मार्गिका कमी न करण्याची अट आणि दिवसागणिक बक्षीस-दंड या दोन मागण्या स्पष्ट मांडतो. मसुदा रविवारी येथे टाकीन.

निवृत्त अभियंता, रावपुरा:

तिसरी मागणीही घाला. तयार तुकड्यांच्या पुलाचे दुखणे सांध्यांत असते; तेथून पाणी झिरपले की सळया गंजतात. त्यामुळे सांध्यांच्या देखभालीची जबाबदारी किमान १० वर्षे कंत्राटदाराकडेच राहावी, असे लिहा.