मोज्यांसाठी दोन टोकांच्या सुया: बांबू की स्टील? चार की पाच?

लोकरवेडी
वीस वर्षं स्वेटर, टोपडी, शाली विणतेय, पण सगळं दोन सुयांवर. नाशिकच्या थंडीत बाबांचे पाय बर्फासारखे होतात, म्हणून यंदा मोजे विणायचे ठरवलेत. नमुना अमेरिकन आहे, त्यात 'दोन टोकांच्या १ नंबरच्या सुया' असं लिहिलंय, म्हणजे दोन्ही बाजूंना टोक असलेल्या, गोल विणायच्या. दुकानात जाऊन १ नंबर मागितला, तर काकांनी पेन्सिलीएवढ्या जाड सुया पुढ्यात ठेवल्या. वर म्हणाले, "मोजे हत्तीचे का?" आता नक्की काय मागू? चारचा संच घेऊ की पाचचा? बांबू की स्टील?

उलटसुलट
काकांचं बरोबर आहे हो! आपल्याकडे जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात नंबर वाढेल तशी सुई बारीक होते. अमेरिकन नंबर बरोब्बर उलटे. त्यांची १ नंबर म्हणजे २.२५ मिमी, ती आपली १३. आपली १ नंबर ७.५ मिमी, म्हणजे हत्तीचीच. नंबर सोडा, मिमी बघून घ्या. १४ नंबर २ मिमी, १३ नंबर २.२५, १२ नंबर २.७५.

मोज्यांची ४ प्लाय, म्हणजे बारीक लोकर असेल तर २.२५ किंवा २.५ घ्या. हात सैल असेल तर २.२५च. स्वेटरची सैल वीण चालून जाते, मोज्याची टाच मात्र महिन्याभरात विरते.

गुंताताई
पाचचा संच घ्या. चार सुयांवर टाके, पाचवीने विणायचं. चारच्या संचात टाके तीन सुयांवर बसतात, त्रिकोणाचे कोपरे टोकदार होतात आणि दोन सुयांच्या सांध्यावर शिडी पडते, म्हणजे सैल टाक्यांची उभी फट दिसते. चौकोनात कोपरा जरा मोकळा राहतो. शिवाय ६४ टाके घातलेत तर प्रत्येक सुईवर १६, दोन सुलट दोन उलटच्या काठात काही मोजत बसावं लागत नाही.

तरी शिडी पडलीच, तर नव्या सुईवरचा पहिला नाही, दुसरा टाका ओढून घट्ट करा. पहिला कितीही आवळला तरी दुसरा विणताना तो पुन्हा सैल होतो. हे कळायला मला तीन जोड लागले.

लांबी १५ सेंमी. आखूड सुया हातमोज्यांच्या बोटांना ठीक, मोज्याला त्यांचं टोक तळहातात रुततं. २० सेंमीच्या बाहीत अडकतात.

डोंबिवली_फास्ट
पहिल्यांदाच विणताय तर बांबू. स्टीलवर हात झपाझप चालतो, पण सुई रिकामी व्हायलाही वेळ लागत नाही. लेडीज डब्यात माझी स्टीलची सुई टाक्यांतून निसटली, खण्णकन खाली पडली आणि घरंगळत चार सीट पलीकडे गेली. अख्खा डबा शोधत होता! सापडली ठाण्याला, पण तोवर सोळा टाके मोकळे. बांबूवर टाका धरून राहतो.

तोटाही सांगते. पावसाळ्यात हात घामेजले की बांबूवर लोकर पुढे सरकत नाही. आणि २ मिमीची बांबूची सुई सोफ्यावर ठेवून कुणी बसलं की संपलंच. पाचच्या संचाचा हा आणखी एक फायदा, एक मोडली तरी चारवर काम चालतं.

सहाणेवरची
माझ्या आजीने सायकलच्या तारा कापून, टोकं सहाणेवर घासून सुया केल्या होत्या. मागे मोजून पाहिल्या, बरोबर २ मिमी भरल्या. पांढऱ्या लोकरीवर गंजाचे डाग पडायचे म्हणून ती गडद रंगाचेच मोजे विणायची. तुम्ही हे करू नका, नुसतं आठवलं म्हणून लिहिलं.

गोलगोल
मी डीपीएन (या दोन टोकांच्या सुया) सोडून ८० सेंमीच्या गोल सुईवर मॅजिक लूपने विणते, म्हणजे दोन टोकांना जोडणारी लांब तार टाक्यांच्या मधून बाहेर ओढून. सुई हरवत नाही, सांधे दोनच.

गुंताताई
@गोलगोल, ताईंनी सुया विचारल्यात. मॅजिक लूपचा वेगळा धागा आहे, तिथे भांडू. :)

लोकरवेडी, लोकर कुठली आहे? साधं ॲक्रिलिक असेल तर पाय घामेजतील. ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असं मिश्रण बघा, टाच टिकते. १०० ग्रॅममध्ये साधारण ४०० मीटरच्या वर धागा येतो, एक जोड आरामात होतो.

लोकरवेडी
सगळ्यांचे आभार! बांबूच्या पाच सुया आणल्या, २.५ मिमी, १५ सेंमी. माझा हात घट्ट आहे म्हणून २.२५ टाळल्या. काकांना मिमीत सांगितल्यावर त्यांनी डोळे बारीक करून जाडी मोजायच्या भोकांच्या पट्टीत सुई घालून दाखवली.

काल रात्री ६४ टाके घालून दोन इंच काठ विणला. मग दिसलं, गोल जोडताना टाक्यांना पीळ पडला होता. सगळं उसवलं.

उलटसुलट
जोडण्याआधी सुया टेबलावर चौकोनात मांडा, टाक्यांचा तळ सगळीकडे आतल्या बाजूला आला की मगच पहिला टाका विणा.