पी१६ पॉझिटिव्ह, पण जनुकांचा रिपोर्ट तंबाखूवाला? मदत हवी आहे

जुईली_न: बाबांना जिभेचा कॅन्सर आहे. बायॉप्सीत पी१६ (पेशींतलं एक प्रथिन) पॉझिटिव्ह, म्हणून डॉक्टर म्हणाले एचपीव्ही व्हायरसमुळे असेल, हा प्रकार बरा होतो. आता एनजीएस (गाठीच्या जनुकांची तपासणी) आलं: टीपी५३ जनुकात म्युटेशन (बदल), ११क्यू१३ (गुणसूत्रावरची जागा) वर सीसीएनडी१ जनुकाच्या जादा प्रती, म्हणजे अ‍ॅम्प्लिफिकेशन, ९पी२१ वर सीडीकेएन२ए जनुकाचं डिलीशन (गळून जाणं). नेटवर हे सगळं बिनव्हायरसच्या कॅन्सरचं दिसतंय. मग नक्की कुठला? सोमवारी केमो-रेडिएशन ठरवायचंय. लवकर सांगा प्लीज.

अनिकेत_पुणे: जीभ म्हणजे पुढची की घशाकडचं मूळ? तंबाखू खायचे का?

जुईली_न: जीभच लिहिलंय. तंबाखू कधीच सोडलीय, त्याचा काय संबंध?

अनिकेत_पुणे: सगळा संबंध तिथेच आहे ताई. आपल्याकडे तोंडाचे बहुतेक कॅन्सर तंबाखू-सुपारीचेच.

सातारची_मावशी: घरात मुली असतील तर एचपीव्हीची लस आधी घ्या. सीरमची सर्व्हावॅक आता मिळते. उशीर करू नका.

जुईली_न: मावशी, लसीचं नाही विचारलं हो.

पॅथवाला: पी१६ प्रथिन सीडीकेएन२ए याच जनुकातून बनतं. दोन्ही प्रती गेल्या असतील तर ते येणार कुठून? व्हायरसवाल्या गाठीत ई७ हे प्रथिन आरबी या पेशीवाढ रोखणाऱ्या प्रथिनाला निकामी करतं, म्हणून पी१६ भरमसाट वाढतं. ई६ हे व्हायरसचं दुसरं प्रथिन पी५३ चा (टीपी५३ जनुकाच्या प्रथिनाचा) नाश करतं, त्यामुळे टीपी५३ सहसा शाबूत असतं. तिथे १४क्यू३२ वरचं ट्राफ३ हे जनुक गेलेलं सापडतं. ३क्यू या भागाचा गेन (जादा प्रती) मात्र दोन्हीकडे दिसतो, त्यावरून काही ठरवू नका. पी१६ किती टक्के पेशींत आहे? गाठीची जागा शब्दशः लिहा.

जुईली_न: ‘फोकल (काही ठिकाणीच), ३० टक्के’. जागा ‘लेफ्ट लॅटरल बॉर्डर’.

पॅथवाला: मग हे पॉझिटिव्ह धरतच नाहीत. किमान ७० टक्के पेशींत, केंद्रक आणि पेशीद्रव दोन्हीकडे ठळक रंग लागतो. आणि तो निकष टॉन्सिल, जिभेचं मूळ अशा घशातल्या गाठींचा. लॅटरल बॉर्डर म्हणजे जिभेची बाजूची कड, ती तोंडाच्या पोकळीत येते. व्हायरसवाला समजून उपचार कमी करू देऊ नका.

गोवेकर: सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधानं माझ्या भावाचे कान गेले. त्याऐवजी सेटुक्सिमॅब हे औषध मागा.

पॅथवाला: अजिबात नको! २०१८ मध्ये दोन मोठ्या चाचण्या आल्या, त्याही व्हायरसवाल्या रुग्णांवरच. सेटुक्सिमॅबवाले कमी जगले.

गोवेकर: चाचण्या ठीक आहेत, पण त्याला आता फोनवर बोलता येत नाही.

पॅथवाला: म्हणून ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) आधी करून घ्या, हे नक्की सांगा. पण जुईली, तोंडाच्या पोकळीत सहसा शस्त्रक्रिया आधी असते. थेट केमो-रेडिएशन का?

जुईली_न: ऑपरेशन झालंय ना! मानेच्या गाठीही काढल्या.

अनिकेत_पुणे: अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं!

पॅथवाला: मग सोमवारचा निर्णय ऑपरेशननंतरच्या रिपोर्टवर आहे. कापून काढलेल्या भागाच्या कडा साफ आहेत का? मानेच्या त्या गाठींच्या आवरणाबाहेर कॅन्सर पसरलाय का, म्हणजे ईएनई? केमो जोडायची की नुसतं रेडिएशन, हे प्रामुख्यानं त्यावर ठरतं.

जुईली_न: तो रिपोर्ट दादाकडे आहे. मागवते, नाव झाकून फोटो टाकते. रात्री बघाल का?